मुक्ताबाईंचा शंभरावा वाढदिवस

"आजोबा, तुम्ही शेवटचं कधी रडलात?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवते. तो हादिया आणि रंजिता या माझ्या दोन मैत्रिणींचा होता आणि तो विचारायची पैज त्यांनी माझ्यावर लादली होती. "आंतरशालेय वक्तृत्वात दुसरी आलीस ना? मग दाखव की हिंमत," असं रंजिता म्हणाली. आता खरं सांगायचं तर दुसरी आल्यापासून माझ्यात एवढा आत्मविश्वास आला होता की मी रिक्षावाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलायचे. पण आमचे गंगाराम आजोबा म्हणजे रिक्षावाले नव्हेत. ते तुर्भ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं होते, त्यातली अठरा वर्षं फोरमन. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या जुईनगरच्या दोन खोल्यांनाच कारखाना समजायला सुरुवात केली. चपला रांगेत, गॅस बंद, नळ घट्ट. त्यांच्या चेहऱ्यावर दोनच भाव असतात, 'काम चालू' आणि 'काम बंद'. अशा माणसाला रडण्याविषयी विचारायचं म्हणजे मुख्याध्यापकांना त्यांच्या पगाराविषयी विचारण्यासारखं.

आजोबांनी पेपर खाली केला नाही. पेपराआडूनच उत्तर आलं.

"सदुसष्ट साली. माणगावला. तंबूत सिनेमा बघताना."

चपलांच्या कपाटामागे लपून खिदळणाऱ्या दोघींनी एकदम माना बाहेर काढल्या. मला पुढे एवढंच सुचलं, जे वक्तृत्वातल्या दुसऱ्या क्रमांकाला शोभत नाही.

"कुठला सिनेमा?"

"'नर्स दुर्गाबाई'. खरी बाई होती ती. देवीची लस टोचत गावोगाव फिरायची. गावातल्या पोरांना आणि वाडीतल्या पोरांना एकाच हातानं टोचलं म्हणून लोकांनी तिचं पाणी तोडलं, चिखल मारून वेशीबाहेर काढलं. तिच्यावर सिनेमा काढला. त्याचं शूटिंग आमच्या गावात झालं." मग पेपर खाली आला. "त्यात माझी आई आहे. गर्दीत. आमच्या वाडीच्या बाया घेतल्या होत्या गर्दीला."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यात सांगितलं, मशीनचे सुटे भाग काढून ठेवावेत तसं. शूटिंगच्या वेळी ते दहा वर्षांचे होते आणि गोवर आला म्हणून मामाच्या गावी होते. शूटिंग उरकल्यावर चार दिवसांनी त्यांची आई मुक्ताबाई त्यांना न्यायला आली, ती हसतच. रस्ताभर हसत होती. एकदा तर बांधावर बसून पदर तोंडात कोंबून हसली. आजोबांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "आत्ता नाय. बोलायचं नाय कुनाजवल. पडद्यावर बघशील." वाडीत विषय काढला की मोठी माणसं एकमेकांकडे बघून खोकायची. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. सिनेमा त्याच्यानंतर आला.

"तंबूत बसलो. गर्दी आली, आई दिसली. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसेपर्यंत गेली ती. ती का हसत होती ते बघायचंच राहिलं." त्यांनी चष्मा काढला आणि बनियनला पुसला. "फोटो नाही तिचा. एकही नाही. आता तर चेहरा पण आठवत नाही. हात आठवतो. डावखुरी होती. तुझ्यासारखी."

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. या हातावरून आई मला जेवढं बोललीय तेवढं दहावीच्या अभ्यासावरूनही बोललेली नाही. पाहुण्यांना पाणी दे, उजव्या हातानं. तो हात पणजीकडून आलाय, हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजोबा, मी तुम्हाला तो सिनेमा दाखवणार."

या वाक्यानं पुढे काय काय झालं, ते माहीत असतं तर मी ते जरा हळू आवाजात म्हटलं असतं.

इंटरनेटवर 'नर्स दुर्गाबाई'चं फक्त एक गाणं होतं, तेही भलत्याच सिनेमाच्या नावावर. मग मी सोसायटीत चौकशी केली. ही पहिली चूक. आमच्या बी विंगमध्ये सल्ला हा पाण्यासारखा आहे, फक्त तो चोवीस तास येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट मंत्र्यांना पत्र लिहायला सांगितलं आणि मजकूरही तोंडी सांगितला, त्यात त्यांच्या गळक्या बाथरूमचा एक परिच्छेद होता. तळमजल्यावरच्या काकांनी एक ॲप सुचवलं. ते टाकल्यावर बाबांचा फोन तीन दिवस फक्त थाई भाषेत बोलत होता. आणखी एकजण म्हणाले, "अन्यायाचे सिनेमे कशाला बघता? छान काहीतरी बघा." त्यांना मी मुद्देसूद उत्तर दिलं. ते आता लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटी सुटका केली ती हादियानं. "माझ्या नानांना विचारू. त्यांच्या अब्बांचाच तंबू होता ना, टुरिंग टॉकीज."

हे तिनं तीन आठवड्यांनी सांगितलं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू कुणाला बोलू देतेस का?"

नजीबनाना पंच्याहत्तरचे आहेत आणि मूळचे म्हसळ्याकडचे. त्यांनी सिनेमाचं नाव ऐकलं आणि आरामखुर्चीतून चक्क उठले. "आमचाच तंबू तो, माणगावचा! दूरदर्शनवर एकदा शनिवारी लागला तवा मी कॅसेटवर भरून ठेवला हाय." माळ्यावरच्या पिशवीतून कॅसेट निघाली. तिच्यावर 'नर्स दुर्गाबाई' लिहून खोडलेलं होतं आणि खाली 'सलिमा शादी'.

माझा चेहरा बघून नाना घाईघाईनं म्हणाले, "सलिमाच्या लग्नात ऐनवेली कोरी कॅसेट गावली नाय गो. मंग थोडासा वर चढवलाय. सगला नाय."

"थोडासा म्हणजे कुठला, नाना?"

"ता मला काय म्हायत? लग्नात कोन बघतंय?"

वाशीला देवजी नावाचे एक गृहस्थ जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर भरून देतात. त्यांनी कॅसेट उलटसुलट केली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तशी उजेडात धरली. "बुरशी आलीय. टेप तुटली तर तुटली. हमी नाही." मी म्हटलं, काका, यात आमची पणजी आहे. ते म्हणाले, "सगळ्यांचंच कोणीतरी असतं, बेटा, म्हणून तर माझं दुकान चालतं." वीस दिवसांनी त्यांनी पेन ड्राइव्ह दिला. मी तो तिथेच लावून बघणार होते, पण आजोबांची सक्त ताकीद होती, पहिल्यांदा मी बघणार. आणि मोबाईलवर नाही, टीव्हीवर नाही.

"पडद्यावर. ती म्हणाली होती पडद्यावर."

पडदा आणि प्रोजेक्टर बाबांनी कोपरखैरण्याहून आणला, जयंती मंडळाचा. एप्रिलनंतर तो कपाटात झोपूनच असतो. पण पडदा निघाला बारा फुटी आणि आमची सगळ्यात मोठी भिंत नऊ फूट, त्यातही फ्रिज. म्हणजे सोसायटीचा हॉल हवा. म्हणजे सेक्रेटरी अभयकाका.

अभयकाका बँकेत होते. रिटायर झाले तरी त्यांच्या खिशात अजून दोन पेनं असतात. त्यांनी मला फॉर्म दिला. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात चौकटी होत्या: साखरपुडा, वाढदिवस, बारसे, पूजा, शोकसभा.

"काका, यात सिनेमा नाहीये."

"नाही ना? म्हणजे सिनेमा करता येत नाही."

"'इतर' अशी एक चौकट करा ना."

"'इतर' करायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. सभा ऑगस्टमध्ये. मागे एकदा 'इतर' होतं. त्यात लोकांनी रताळ्यांचं प्रदर्शन भरवलं होतं."

ऑगस्ट म्हणजे सात महिने. आजोबा सत्तरचे, बुरशी लागलेली कॅसेट. मी फॉर्म घरी आणला आणि विचार केला. मग 'वाढदिवस' या चौकटीत खूण केली. 'उत्सवमूर्तीचे नाव' या रकान्यात लिहिलं, मुक्ताबाई. शेवटी तिच्यासाठीच चाललं होतं ना सगळं? 'वय' आलं तेव्हा आजोबांना विचारलं, तुम्ही झालात तेव्हा तुमची आई किती वर्षांची होती? "असेल तिशीची. कुणी लिहून ठेवलंय?" सत्तर अधिक तीस, शंभर. तारीख तिची कुणालाच माहीत नव्हती, म्हणून हॉल मोकळा होता ती घातली. रविवार, अकरा जानेवारी.

यात खोटं असं काय होतं, हे मला अजूनही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर झळकलं: 'आपल्या सोसायटीतील ज्येष्ठ रहिवासी श्रीमती मुक्ताबाई यांचा शंभरावा वाढदिवस. सर्वांनी उपस्थित राहावे.' अभयकाकांनी 'ज्येष्ठ रहिवासी' स्वतःच्या मनानं घातलं होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या दाराची बेल अकरा वेळा वाजली. शंभर वर्षांची बाई आमच्या दोन खोल्यांत राहते आणि आपल्याला पत्ता नाही, याचा बी विंगला फार मोठा धक्का बसला होता.

"कधी बाल्कनीत पण दिसल्या नाहीत हो," दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या, आणि आईकडे अशा नजरेनं बघितलं, जसं काय आईनं आजेसासूला कोंडून ठेवलंय.

आईनं मला आत बोलावलं. पुढची दहा मिनिटं मी इथे देत नाही.

"आत्ता जाऊन सांग अभयकाकांना," बाबा म्हणाले.

"सांगितलं तर हॉल जाईल."

बाबांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. बाबांनी विषय तिथेच सोडला आणि मग आईनंही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी या घटनेला संकट म्हटलं नसतं. पण शनिवारी स्थानिक पुढाऱ्यांच्या कार्यालयातून फोन आला. शतायुषी आजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचाय, बॅनर छापायचाय, आजींचा फोटो व्हॉट्सॲप करा. मी म्हटलं, फोटो नाहीये. "आधार कार्डावरचा चालेल." तो पण नाहीये. "अहो, कुठलातरी असेल ना? लग्नातला? लांबून काढलेला?"

"नाही हो," मी म्हटलं. "एकही नाही." आणि हे म्हणताना माझा वक्तृत्वाचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता हॉलच्या दारावर बॅनर लागला. त्यावर पुढाऱ्यांचे सात फोटो होते आणि मधे, जिथे मुक्ताबाई हव्या होत्या, तिथे गुलाबाचं चित्र. आत ऐंशी माणसं. कुणी केक आणलेला, कुणी गुडघ्याचं तेल. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत मधोमध एक सिंहासन ठेवलेलं, लग्नाचं, लाल मखमलीचं. त्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आजोबा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशात तीन रुमाल.

"आजी कधी येतायत?" अभयकाकांनी घड्याळ बघत विचारलं.

वक्तृत्वात शिकवतात की कठीण क्षणी सरळ श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा. मी बघितलं. "आजी येतायत. आधी एक छोटा सिनेमा आहे," असं म्हणून मी दिवे बंद केले.

सिनेमा काळापांढरा होता आणि त्यात पाऊस नसतानाही सतत पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. पण खरं सांगते, दहा मिनिटांत हॉल त्यात गुंतला. दुर्गाबाई औषधाची पेटी घेऊन चिखलातून चालत येते. ओट्यावर बसते तर ओटा धुतात. विहिरीवर जाते तर पोहरा लपवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नाक ओढत होत्या. पुढाऱ्यांचा माणूस शाल मांडीवर धरून तोंड उघडं टाकून बघत होता. पडद्यावर गाव जमायला लागलं. गर्दी. आजोबा खुर्चीत पुढे सरकले.

आणि फट्‌कन पडदा रंगीत झाला. हार घातलेली एक मोटार आली आणि बँड वाजायला लागला.

"सलिमाऽ!" नजीबनाना मागून ओरडले. "ती बघा आमची सलिमा!"

सलिमाखालाचं, म्हणजे हादियाच्या मावशीचं, लग्न चौदा मिनिटं चाललं. लोकांना ते फार आवडलं. बिर्याणीची पातेली आली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मी मात्र आजोबांकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते, आणि चेहऱ्यावर 'काम चालू'ही नव्हतं आणि 'काम बंद'ही नव्हतं. दहा वर्षांचा मुलगा गाडी चुकल्यावर दिसेल तसे ते दिसत होते. मी मनात म्हटलं, संपलं. साठ वर्षांनी पुन्हा चुकली.

सलिमाखाला मोटारीत बसली, मोटार हलली, आणि पडदा परत काळापांढरा झाला.

गर्दी तिथेच होती. नथी घातलेल्या, भारी लुगडी नेसलेल्या बायका, हातात चिखलाचे गोळे. मागे खुर्चीत मिशीवाला एक खोत, पागोटं घालून, फोटोला बसल्यासारखा. पहिला गोळा दुर्गाबाईच्या खांद्यावर बसला. दुसरा पेटीवर. मला इतका राग आला की मी उभी राहून ओरडले, "शेम! शेम!" लगेच हादिया, रंजिता आणि मग अख्खा हॉल. "शेम! शेम! काय बायका आहेत!"

"थांब," आजोबा म्हणाले. ते उभे होते. त्यांचा हात पडद्याकडे होता. "ती. तिसरी. डावखुरी."

माझं पुढचं 'शेम' तसंच राहिलं. नथ घातलेली, उंच, काटक बाई. डोळे माझ्या आजोबांचे. डाव्या हातात चिखल. मी आमच्या पणजीला भर सोसायटीत शेम म्हटलं होतं.

"खोतांच्या घरच्या बाया पडद्यावर यायला तयार नव्हत्या," आजोबा कुणाला सांगत होते कळत नव्हतं. "मग आमच्याच बायांना नथी घातल्या, खोतिणी केल्या, आणि दुर्गाबाईला मारायला उभं केलं. खोत स्वतः तेवढा खुर्चीत बसला हौसेनं. तो खराच खोत आहे. आम्ही कसायचो ते रान त्याचंच."

पडद्यावर मुक्ताबाईनं हात मागे नेला. दुर्गाबाईकडे बघितलं. आणि हात फिरला तो दुर्गाबाईला सोडून भलतीकडेच. गोळा गेला सरळ मागे, खुर्चीकडे, आणि खोताच्या मिशीवर फट्‌ बसला. पागोटं उडालं. खोत अर्धवट उठला, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बसला, कारण सिनेमा चालू होता. मुक्ताबाईनं जीभ चावली, 'नेम चुकला हो' असा हात केला, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, सरळ आमच्याकडे बघून हसली.

हॉल कोसळायचा बाकी राहिला. मी धावत जाऊन लॅपटॉपवर ते चित्र थांबवलं. बारा फुटांच्या पडद्यावर मुक्ताबाई हसत होती.

"नेम चुकला बिचारीचा," अभयकाका म्हणाले.

"नेम?" आजोबा वळले. "माझी आई शेंड्यावरची कैरी खालून दगडानं पाडायची. सांगाल ती. तिचा नेम आयुष्यात चुकला नाही." आणि मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी चक्क रुमाल तोंडात कोंबला. बाबांनी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं, हे बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "म्हणून बांधावर बसली होती! म्हणून बसली होती!" तीनपैकी एकही रुमाल डोळ्यांना लागला नाही. त्यांनी तो प्रसंग सात वेळा लावायला लावला. मग ते पडद्याजवळ गेले आणि तिच्या गालापाशी हात नेला, पण टेकवला नाही. पडदा हलला असता.

पुढाऱ्यांच्या माणसानं शाल कुणाला द्यायची ते विचारलं. आजोबांनी ती घेतली आणि मखमलीच्या सिंहासनावर पसरली. केक आम्ही कापला. गुडघ्याचं तेल आजोबा वापरतात.

अर्थात सोमवारी अभयकाकांचं पत्र आलंच: फॉर्मवर खोटी माहिती दिल्याबद्दल लेखी माफी मागावी. काल रात्रीच्या जेवणाला आईबाबांचं त्याच्यावरच चाललं होतं. त्यातच फोटोचा विषय निघाला, कारण देवजींनी ते हसणारं चित्र छापून पाठवलं होतं.

"नुसता चेहरा कापून फ्रेम करू," बाबा म्हणाले. "खाली तो चिखल, तो हात... येणारे-जाणारे विचारतील, ही कुणावर मारतेय?"

"आणि ते माफीचं पण लिहून टाक," आई म्हणाली. "खोटं ते खोटंच ना."

फोटो आजोबांच्या ताटाशेजारी उभा होता, पाण्याच्या तांब्याला टेकून. त्यांनी तो थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

मी डाव्या हातानं पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायले आणि उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. फोटो अख्खा लागेल. हातासकट, चिखलासकट, खोताच्या मिशीसकट. येणारे-जाणारे विचारू देत, सांगायला मी आहे. आणि माफी मी मागणार नाही, कारण खोटं काहीच नाहीये. तिची तारीख कुणाला माहीत नव्हती, आता आहे. अकरा जानेवारी. पुढच्या वर्षीचा फॉर्म मी आजच भरून दिलाय. उत्सवमूर्ती मुक्ताबाई, वय वर्षं एकशे एक."